जुन्या सामग्रीतून घडलेला गिटारवर्धक : एक ऐतिहासिक विचार

१

वाद्यांच्या इतिहासात एखादे वाद्य कोणी घडविले, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ते कोणत्या सामग्रीतून घडविले आणि ती सामग्री नेमकी त्याच वेळी त्या कारागिराच्या हाती का होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विद्युत् गिटारच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या वाद्याच्या तारा लाकडी अंगावर ताणलेल्या असल्या, तरी सभागृहात ऐकू येणारा नाद त्या लाकडातून येत नाही. तारेच्या कंपनाने पिकअपच्या वेटोळ्यात जो क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो, तो वर्धकात वाढवून स्पीकरला पुरवावा लागतो. तेव्हा कोठे श्रोत्यापर्यंत नाद पोहोचतो. सतारीला जसा भोपळा, तसा या गिटारला वर्धक होय. तो तिचा सहायक नसून तिचे अर्धे अंग आहे.

या अर्ध्या अंगाचा, म्हणजे निर्वात नलिकांच्या गिटारवर्धकाचा, प्रस्तुत निबंधात एका विशिष्ट दृष्टीने विचार केला आहे. आज निरनिराळ्या देशांतील हौशी कारागीर जुन्या रेडिओग्रामचे, ऑर्गनचे आणि चित्रप्रक्षेपकांचे सुटे भाग जमवून घरच्या घरी असे वर्धक बांधतात. त्यांपैकी काही वर्धक दुहेरी, म्हणजे स्टीरिओ असतात. वरवर पाहता हा कारखान्यात तयार होणाऱ्या मालाची नक्कल करण्याचा छंद वाटतो. वस्तुतः क्रम उलटा आहे. कारखान्यांचे नामांकित वर्धकच मुळात दुरुस्तीच्या दुकानांतून आणि दुसऱ्याच कामासाठी तयार झालेल्या भागांतून जन्मास आले. आणि आज जो नाद आदर्श मानला जातो, तो पुष्कळ अंशी त्या त्या वेळी हाताशी काय होते यावरून ठरला. हे विधान कितपत टिकते, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

२

निर्वात नलिका, म्हणजे रेडिओ कारागिरांच्या भाषेत व्हॉल्व्ह, ही संगीतासाठी निर्माण झालेली वस्तू नव्हे. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नलिका तयार केली, ती बिनतारी संदेश ओळखण्यासाठी. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत जाळीचे तिसरे अग्र बसविले. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघून धनपट्टिकेकडे जात असता, मधल्या जाळीवरील दाबातील अल्प फरकाने त्या मोठ्या प्रवाहावर नियंत्रण ठेवता येते, हे या रचनेचे मर्म. क्षीण संकेत बलवान होतो तो याच तत्त्वाने. तथापि डी फॉरेस्ट यांच्या नलिकेत वायूचा अंश राही. नलिकेतील निर्वात उच्च प्रतीचा करण्याचे काम १९१३ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये हॅरल्ड आर्नल्ड यांनी आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी केले. दूरध्वनीच्या लांब तारांवर आवाज वाटेतच विरून जाई, ही टेलिफोन कंपनीची अडचण होती. १९१५ साली न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को ही शहरे दूरध्वनीने जोडली गेली, ती या नलिकांच्या आधारानेच.

यानंतरची प्रगतीही रेडिओ आणि बोलपट यांच्या गरजेतून झाली. १९२६ साली हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड टेलेगेन यांनी पाच अग्रांची पेंटोड नलिका सिद्ध केली. १९३६ साली अमेरिकेत आरसीएने ६ एल ६ ही शक्तिनलिका बाजारात आणली. नलिका विकल्या जाव्यात म्हणून उत्पादक माहितीपुस्तिका छापीत; त्यांच्या शेवटच्या पानांत रेडिओचे व वर्धकांचे नमुनेदार आराखडे असत. ज्याला आकडेमोड जमत नसे, त्यालाही आराखडा पाहून वर्धक बांधता येई. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या असंख्य कारागिरांची ही शाळाच होती, आणि गिटारवर्धकाचे पहिले कर्ते याच शाळेतून निघाले.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची, तव्याच्या आकाराची, विद्युत् हवाईयन गिटार विक्रीस आली. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नव्हताच; त्यामुळे गिटारबरोबर वर्धक असणे अपरिहार्य झाले. या वर्धकासाठी नवे शास्त्र निर्माण झाले नाही. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यातील योजना लाकडी पेटीत बसविली गेली, इतकेच.

३

क्लॅरेन्स लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. शिक्षणाने ते हिशेबनीस. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. १९३८ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. दुकानात रेडिओ येत, ग्रामोफोन येत, आणि स्थानिक वाद्यवृंदांचे वर्धकही येत. कोणता भाग आधी निकामी होतो, कोणता वर्षानुवर्षे टिकतो, आत हात घालावयास जागा नसली म्हणजे दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे ज्ञान त्यांना त्या कामातून मिळाले. १९४५ साली डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत त्यांनी गिटार व वर्धक तयार करण्यास आरंभ केला, आणि १९४६ पासून स्वतःच्या नावाने तो व्यवसाय चालविला.

फेंडर यांच्या वर्धकांत दुरुस्ती करणाराची दृष्टी स्पष्ट दिसते. पाठीमागची फळी काढली की आतले सर्व भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले असत. त्यामुळे बिघडलेला भाग तत्काळ सापडे. पेटीच्या आतल्या अंगास नलिकांच्या जागा दाखविणारा कागद चिकटविलेला असे. त्या कागदावर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पेटंटांचा परवाना नमूद केलेला असे. नृत्यशाळेत वाजणाऱ्या वर्धकाच्या पोटात टेलिफोन कंपनीचे नाव असावे, यातच त्याच्या वंशावळीची साक्ष आहे.

१९५२ साली या कारखान्याने बासमन नावाचा वर्धक काढला. आदल्याच वर्षी बाजारात आलेल्या विद्युत् बास गिटारसाठी तो योजिलेला होता. १९५८ ते १९६० या काळात त्याचे जे रूप तयार झाले, ते ५ एफ ६–ए या आराखड्याच्या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात ५८८१ जातीच्या दोन शक्तिनलिका, दहा इंची चार स्पीकर आणि सुमारे ४० ते ४५ वॅटची शक्ती होती. दोन शक्तिनलिकांना परस्परविरुद्ध कलेचे संकेत पुरविण्यासाठी त्यात जी जोडनलिकेची योजना होती, तिचे मूळ तत्त्व इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३६ सालच्या पेटंटात आढळते. हे नाव पुढे स्टीरिओच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

४

दुसऱ्या महायुद्धाने या विषयाला वेगळेच वळण दिले. रडार, विमानातील बिनतारी यंत्रे व रणगाड्यांतील संदेशयंत्रे यांसाठी नलिका, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर आणि स्विच प्रचंड प्रमाणावर तयार झाले होते. युद्ध संपताच हा साठा निरुपयोगी ठरला आणि वजनाच्या भावाने बाजारात आला. लंडनमधील लाइल स्ट्रीट व न्यूयॉर्कमधील कोर्टलँड स्ट्रीट या रस्त्यांवर अशा शिलकी मालाची दुकाने होती. युद्धात शिकून तयार झालेले तंत्रज्ञही याच सुमारास घरी परतले होते. स्वस्त माल आणि शिकलेला हात असा योग सहसा एकाच वेळी जुळून येत नाही. तो १९४५ नंतर जुळून आला.

या योगाची दोन फळे येथे नमूद करण्यासारखी आहेत. १९४७ साली अमेरिकेतील हीथ कंपनीने शिलकी साठ्यातील भाग वापरून, ग्राहकाने स्वतः जोडावयाचा ऑसिलोस्कोप विक्रीस काढला आणि घरगुती जोडसंचांचा मोठा व्यवसाय त्यातून उभा राहिला. त्याच वर्षी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. केटी ६६ जातीच्या दोन नलिकांतून १५ वॅट शक्ती आणि ०.१ टक्क्याहून कमी विरूपण हा त्याचा दावा होता. हौशी लोकांनी तो जगभर बांधला.

विल्यमसन यांचे ध्येय येथे नीट ध्यानात घेतले पाहिजे. वर्धकाने संकेतात स्वतःचे काहीही मिसळू नये, जे आत आले तेच मोठे होऊन बाहेर जावे, हा त्यांचा आदर्श. फेंडर यांचाही हेतू याहून भिन्न नव्हता. ग्राहकाला स्वच्छ व मोठा आवाज द्यावा, एवढेच त्यांना हवे होते. गिटारवर्धकाच्या इतिहासातील कुतूहलाची गोष्ट अशी की, त्याची कीर्ती या ध्येयाच्या सिद्धीमुळे झाली नाही. ती त्यातील उणिवेमुळे झाली.

५

१९५१ साली मेम्फिस येथे ‘रॉकेट ८८’ या गीताचे ध्वनिमुद्रण झाले. तेथे येत असताना वाटेत गिटारवादक विली किझार्ट यांच्या वर्धकाला इजा झाली होती. ध्वनिमुद्रक सॅम फिलिप्स यांनी स्पीकरच्या फाटलेल्या शंकूत कागद कोंबून त्याच वर्धकावर मुद्रण केले, आणि गिटारचा तो खरखरीत आवाज लोकांना आवडला. १९५८ साली लिंक रे यांनी ‘रंबल’ या रचनेसाठी स्पीकरला मुद्दाम भोके पाडली. १९६४ साली ‘किंक्स’ या इंग्रजी वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या लहान एल्पिको वर्धकाच्या स्पीकरला पात्याने चिरा पाडल्या आणि त्या वर्धकातून निघणारा संकेत व्हॉक्स कंपनीच्या मोठ्या वर्धकाला जोडला. तेरा वर्षांच्या या कालावधीत अपघात हा प्रथम तडजोड, मग प्रयोग आणि शेवटी पद्धत बनला.

याचे भौतिक कारण गूढ नाही. नलिकेला तिच्या मर्यादेपलीकडे संकेत पुरविला म्हणजे तरंगाचा माथा सपाट होतो आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतील उपस्वर उत्पन्न होतात. शक्तिनलिका मोठा प्रवाह ओढू लागताच वीजपुरवठ्याचा दाब किंचित उतरतो व स्वर दबून पुन्हा वर येतो. गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या स्पीकरमधून सुमारे ५,००० हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी झपाट्याने कमी होतात. त्यामुळे विरूपणातील कर्कश भाग गाळला जाऊन उरलेला भाग कानाला भरदार वाटतो. हाच संकेत उत्तम प्रतीच्या ग्रामोफोन स्पीकरमधून ऐकल्यास तो असह्य होतो. म्हणजे विल्यमसन यांच्या मापाने जे तिन्ही दोष, तेच येथे वाद्याचे गुण ठरले.

६

सामग्रीच्या उपलब्धतेने नाद कसा ठरतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लंडनमधील आहे. जिम मार्शल (१९२३–२०१२) हे ड्रम शिकविणारे वादक. १९६० साली त्यांनी हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या तरुण वादकांना अमेरिकन फेंडर वर्धक हवे असत. परंतु ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवरील निर्बंध १९५९ सालीच उठले होते आणि आयात केलेला माल अतिशय महाग पडे. दुकानातील दुरुस्तीकार केन ब्रॅन आणि ईएमआयमध्ये उमेदवारी करणारा तरुण डडली क्रेव्हन यांनी १९६२ साली उपर्युक्त बासमन वर्धकाचा आराखडा पुढे ठेवून तसाच वर्धक बांधण्याचे ठरविले. त्यातूनच जेटीएम ४५ हा वर्धक जन्मास आला.

आराखडा जवळजवळ तोच होता, परंतु भाग तेच नव्हते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर रेडिओस्पेअर्स या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून आणलेला, म्हणजे ग्रामोफोनच्या वर्धकासाठी योजिलेला होता. पत्र्याचा सांगाडा पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा केला गेला. पहिल्या टप्प्यात अमेरिकन १२ एवाय ७ ऐवजी युरोपात सहज मिळणारी, अधिक वर्धन करणारी ईसीसी ८३ नलिका आली. शक्तिनलिका आरंभी ५८८१ होत्या. पुढे ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या केटी ६६ वापरल्या गेल्या. दहा इंची अमेरिकन स्पीकरच्या जागी सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसविले गेले. यांपैकी एकही बदल नव्या नादाच्या शोधात मुळात केलेला दिसत नाही; जवळच्या बाजारात जे मिळाले ते घेतले, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु सर्वांचा एकत्रित परिणाम असा झाला की, हा वर्धक लवकर विरूपित होऊ लागला आणि त्याचा आवाज मूळ अमेरिकन वर्धकाहून अधिक घट्ट व दाणेदार निघाला. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर एरिक क्लॅप्टन यांनी जे ध्वनिमुद्रण केले, त्यात याच कुळातील वर्धक होता. ब्रिटिश नाद म्हणून पुढे जो ओळखला गेला, त्यात सुट्या भागांच्या दुकानाचा वाटा वादकाइतकाच आहे.

केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे डिक डेनी यांनी टॉम जेनिंग्ज यांच्यासाठी आखलेल्या व्हॉक्स वर्धकांचीही कथा अशीच आहे. त्यांतील ईएल ८४ ही लहान शक्तिनलिका मुळात रेडिओ व ग्रामोफोनसाठी १९५३ च्या सुमारास तयार झाली होती. मलार्ड कंपनीने १९५४ साली अशा दोन नलिकांचा दहा वॅटचा घरगुती वर्धक प्रसिद्ध केला होता. व्हॉक्सच्या तीस वॅटच्या वर्धकात त्याच जातीच्या चार नलिका योजिलेल्या आहेत.

७

आता स्टीरिओचा विचार करावयाचा. ज्या ब्लमलाइन यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच १९३१ साली दुहेरी ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीचे पेटंट मागितले होते. १९४२ साली रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाच्या अपघातात ते मृत्यू पावले. त्यामुळे त्यांच्या कल्पनेचा बाजारातील विजय त्यांना पाहावयास मिळाला नाही. स्टीरिओ ध्वनिमुद्रिका १९५८ साली सर्वत्र विक्रीस आल्या. गिटारवाल्यांनी ही कल्पना लगेच उचलली. मॅग्नाटोन कंपनीने १९५७ च्या सुमारास दोन मार्गांनी स्वर हेलकावविणारा वर्धक काढला. १९५९ साली गिब्सन कंपनीने जी ईएस ३४५ गिटार काढली, तिच्या दोन पिकअपांचे संकेत दोन स्वतंत्र वर्धकांना देता येत. तथापि दोन वर्धकांची किंमत व वजन सामान्य वादकाला पेलणारे नव्हते, आणि हा प्रकार त्या काळी फारसा रुजला नाही.

परंतु त्याच वर्षांत स्टीरिओ ग्रामोफोन घरोघरी गेले. सागवानी किंवा अक्रोडी कपाटासारख्या त्या पेट्यांत एकाच पत्र्यावर दोन पूर्ण वर्धक, दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर व दोघांना पुरेल असा एक मेन्स ट्रान्सफॉर्मर असे. अमेरिकेतील मॅग्नाव्हॉक्स पेट्यांत बहुधा ६ बीक्यू ५, म्हणजेच ईएल ८४, किंवा ६ व्ही ६ जातीच्या नलिका आढळतात. ट्रान्झिस्टर आल्यावर या पेट्या अडगळीत गेल्या. ज्या वस्तूचा खर्च साठच्या दशकातील वादकाला परवडत नव्हता, तिचे हृदय पुढील पिढीला भंगाराच्या भावात मिळाले. घरगुती स्टीरिओ गिटारवर्धकाची ऐतिहासिक भूमी ती हीच.

अशा पेटीतून नेमके काय घ्यावे आणि काय टाकावे, हे जाणण्यात या कारागिरीचे सारे कौशल्य आहे. लोखंड व तांबे फारसे झिजत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर ही खरी मिळकत. उलट इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात आणि मेणकागदाच्या कंडेन्सरमधून एकदिश दाब झिरपू लागतो; तो पुढील नलिकेच्या जाळीवर पोहोचला की नलिका तापून निकामी होते. म्हणून कंडेन्सर जुने असले तर ते बदलणे अटळ आहे. नलिका मात्र तपासून पुन्हा वापरता येतात.

अनोळखी आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओळखण्याची रीत सोपी व जुनी आहे. स्पीकरच्या बाजूच्या वेटोळ्यास एक व्होल्ट प्रत्यावर्ती दाब दिला असता दुसऱ्या बाजूस ३२ व्होल्ट आढळले, तर वेढ्यांचे प्रमाण ३२ ठरते. त्याचा वर्ग १,०२४. त्यास स्पीकरच्या ८ ओहमांनी गुणले म्हणजे सुमारे ८,००० ओहम येतात. परस्परविरुद्ध कलेने चालणाऱ्या दोन ईएल ८४ नलिकांना हाच भार मानवतो. मेन्स ट्रान्सफॉर्मरचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते. चार ईएल ८४ नलिकांचे तापतंतू प्रत्येकी ०.७६ अँपियर आणि तीन ईसीसी ८३ नलिकांचे तापतंतू प्रत्येकी ०.३ अँपियर प्रवाह ६.३ व्होल्टवर घेतात, एकूण ३.९४ अँपियर होतात. मूळ पेटीत एवढ्या नलिका नसतील, तर अधिक नलिकांचा भार त्या ट्रान्सफॉर्मरवर टाकणे धोक्याचे ठरते.

ग्रामोफोनचा वर्धक गिटारला जशाच्या तसा चालत नाही, याचे कारणही त्याच्या मूळ कामात आहे. त्या काळच्या स्फटिक पिकअपचा संकेत बराच बलवान असे. गिटारच्या चुंबकीय पिकअपचा संकेत सामान्यतः त्याहून क्षीण असतो. म्हणून आधी वर्धनाचा आणखी एक टप्पा जोडावा लागतो. ईसीसी ८३ च्या एका काचेत दोन नलिका असल्यामुळे दोन्ही मार्गांना एकच काच पुरते. मग एका मार्गाने मूळ स्वर आणि दुसऱ्या मार्गाने प्रतिध्वनी किंवा हेलकावा अशी वाटणी करता येते. दोन्ही स्पीकरांच्या जोडण्या एकाच कलेने झाल्या पाहिजेत. नाही तर दोहोंतील खर्जाचे स्वर एकमेकांना मारक होतात.

८

भारतात ही सामग्री वेगळ्या वाटेने आली. १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओच्या नलिकांचे उत्पादन सुरू केले. त्यामुळे येथील नलिकांना युरोपीय नावे आहेत, आणि ज्या ईएल ८४ वर व्हॉक्सचा नाद उभा आहे, ती येथे दिवाणखान्यातील रेडिओत बातम्या ऐकवीत असे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, ही रेडिओच्या सुट्या भागांची प्रसिद्ध पेठ झाली. अमेरिकन पेट्या ११७ व्होल्टसाठी असल्याने येथे परस्पर चालत नाहीत. उलट, एकच ईएल ८४ असलेल्या दोन मोडक्या रेडिओंतील ट्रान्सफॉर्मर घेतले, तर प्रत्येकी सुमारे पाच वॅटचे दोन मार्ग सिद्ध होऊ शकतात. घरात वाजविण्यास तेवढी शक्ती पुष्कळ होते.

या कामातील धोक्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. नलिकांना तीनशे व्होल्टपर्यंत व कित्येकदा त्याहूनही अधिक दाब लागतो, आणि मेन्सचे बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो साठून राहू शकतो. स्पीकर न जोडता वर्धक चालविल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून त्याचे आवरण जळते. सर्वांत वाईट प्रकार मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त रेडिओंचा. त्यांत घरातील विजेची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असे. रेडिओच्या लाकडी पेटीत ते खपून जाई, परंतु गिटारची तार त्या पत्र्याशी जोडलेली असते आणि वादकाची बोटे त्या तारेवर असतात. असा पत्रा गिटारसाठी कधीही वापरू नये. १९७२ साली स्वॉन्सी येथे कार्यक्रम चालू असता गिटारवादक लेस हार्वे यांचा सदोष जोडणीच्या मायक्रोफोनला हात लागताच मृत्यू झाला. जमिनीशी नीट जोडलेली तार हा वर्धकाचा पहिला भाग होय, नाद त्यानंतर.

९

वरील विवेचनावरून मूळ विधान बऱ्याच अंशी सिद्ध होते. टेलिफोनसाठी निर्माण झालेली नलिका, रेडिओच्या पुस्तिकेतील आराखडा, युद्धातील शिलकी माल आणि ग्रामोफोनचा ट्रान्सफॉर्मर यांच्या संयोगातून गिटारवर्धक घडला. आजचा घरगुती कारागीर मोडक्या पेटीतून वर्धक बांधतो तेव्हा तो फेंडर, ब्रॅन आणि क्रेव्हन यांच्याच पद्धतीने वागत असतो. एक भेद मात्र मान्य केला पाहिजे. ते कारागीर चालू बाजारातील स्वस्त माल घेत होते. आजचा कारागीर संपत चाललेला साठा उपशीत आहे. आरसीएने १९७६ साली नलिकांचे उत्पादन थांबविले; ब्रिटनमधील मोठे कारखानेही पुढे बंद झाले. नव्या नलिका मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथे तयार होतात, आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा जगभरच्या गिटारवादकांना हा पुरवठा किती अरुंद धाग्यावर टांगलेला आहे याची जाणीव झाली.

यातून एक वादही उत्पन्न झाला आहे. चालू स्थितीतील ग्रामोफोनपेटी केवळ ट्रान्सफॉर्मरसाठी फोडणे म्हणजे एका वाद्यासाठी दुसऱ्या यंत्राचा इतिहास पुसून टाकणे होय, असे जुन्या यंत्रांचे संग्राहक म्हणतात. आणि त्यात तथ्य आहे. ज्या पेटीची लाकूडकामाची बाजू वाळवीने खाल्ली, जिची तबकडी गेली, तिचे भाग वापरणे हा पुनर्जन्म. धडधाकट पेटी फोडणे ही केवळ लूट. या दोहोंतील सीमा प्रत्येक कारागिराने स्वतः आखावयाची आहे. इतिहासाच्या अभ्यासकाची मागणी त्याहून लहान आहे. फेंडर यांच्या पेटीत नलिकांचा कागद चिकटविलेला असे, म्हणून आज तिची वंशावळ वाचता येते. घरी बांधलेल्या वर्धकाच्या आतही कोणता ट्रान्सफॉर्मर कोणत्या पेटीतून, कोणत्या साली आणि कोणत्या गावी काढला, हे लिहिलेला एक कागद असावा. पुढे तो वर्धकही एके दिवशी मोडेल. तेव्हा त्याचे ट्रान्सफॉर्मर काढून घेणाऱ्या हाताला ते कोठून आले हे कळले पाहिजे.